जर, तर आणि पण

एक छोटा प्रयोग करून बघा. उद्या सकाळी डोळे उघडल्यापासून ऑफिसच्या खुर्चीत टेकेपर्यंत तुमचा अंगठा फोनवर किती कामं करतो, ती नुसती मोजा. अलार्म बंद. घरचं वायफाय बंद, डेटा चालू. गाडीत बसल्यावर ब्लूटूथ चालू, मॅप चालू, गाणी चालू. ऑफिसच्या दारात फोन सायलेंट. घरी ‘पोहोचले’ असा मेसेज. फॅमिली ग्रुपवर रात्रभरात साठलेले सुप्रभातवाले फुलांचे फोटो डिलीट. कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून एक केक आणि चार फुगे. वीस-पंचवीसचा आकडा सहज निघेल. आणि यातल्या जवळपास एकाही कामाला डोकं लागत नाही.

सही करता न येणाऱ्या माणसाला आपल्याकडे अंगठेबहाद्दर म्हणायचे. आता डिग्र्यांची भेंडोळी काखेत मारून आपण सगळे पुन्हा अंगठेबहाद्दर झालो आहोत! तर मंडळी, आजचा विषय हाच. अंगठ्याची ही हमाली फोनकडूनच कशी करून घ्यायची, आणि करून घेताना कुठला एक शब्द विसरायचा नाही. तो शब्द शिकायला सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या विहिरीपर्यंत गेलं तरी पुरे.

फंडा काय आहे?

फंडा एकदम सोपा आहे. ‘जर असं झालं, तर तसं कर.’ जर ऑफिसचं वायफाय सापडलं, तर फोन सायलेंट कर. जर बॅटरी वीस टक्क्यांवर आली, तर पॉवर सेव्हर लाव. जर गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेलं, तर मॅप उघड. एकदा सांगून ठेवायचं, मग फोन आपला आपण बघून घेतो. २०११ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका सेवेचं नावच मुळी ‘जर हे, तर ते’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांचं आहे. आयएफटीटीटी असं लिहितात आणि ‘इफ्ट’ म्हणतात.

अँड्रॉइडवाल्यांसाठी दोन नावं पुरेशी आहेत. टास्कर हे कसलेल्या गड्यांसाठी. त्यात जवळपास काहीही करता येतं, पण पहिले चार दिवस डोकं धरून बसावं लागतं. नवशिक्यांनी मॅक्रोड्रॉइडपासून सुरुवात करावी. फुकटच्या आवृत्तीत पाच मॅक्रो बनवता येतात आणि खरं सांगायचं तर पाच पुष्कळ झाले. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘मोड्स अँड रूटीन्स’ आधीपासूनच असतं. आयफोनवाल्यांकडे २०१८ पासून ‘शॉर्टकट्स’ आहे. त्यातलं ‘ऑटोमेशन’चं पान बहुतेकांनी कधी उघडलेलंही नसतं.

मॅक्रोड्रॉइडमध्ये नवा मॅक्रो करायला घेतला, की स्क्रीनवर तीन चौकटी दिसतात. लाल, निळी आणि हिरवी. लाल म्हणजे ‘जर’, काय घडल्यावर सुरू व्हायचं. निळी म्हणजे ‘तर’, मग करायचं काय. आणि हिरवी? ती रिकामी ठेवली तरी मॅक्रो चालतो. म्हणून बहुतेक लोक ती रिकामीच ठेवतात. सगळा लोचा होतो तो तिथेच.

विहिरीवरचं ऑटो

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, जिभेला अजून थोडा वेळ लागतोय) ज्यांचं बालपण शेतात गेलं, त्यांना हा जर-तरचा खेळ नवा नाही. त्यांनी तो विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत बघितलेला असतो.

शेतीपंपांना वर्षानुवर्षं वीज मिळत आली ती पाळीने. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे काय, ते एसीत बसून कळणं कठीण आहे. मध्यरात्र उलटून गेल्यावर वीज येणार. ती आली की पांघरूण टाकून उठायचं, हातात बॅटरी घ्यायची, बांधाबांधाने विहिरीपर्यंत जायचं आणि एक बटण दाबायचं. थंडीचे दिवस असतील तर दातावर दात. पायाखाली साप-विंचू. अकोले, संगमनेर, राहुरीच्या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या. आणि पेटीशी पोहोचल्यावर ओल्या हातांची गाठ विजेशी. एका बटणासाठी एवढी जोखीम. वीज मध्येच गेली आणि परत आली, तर पुन्हा पहिल्यापासून सगळं.

त्यावर लोकांनी उपाय शोधला तो म्हणजे ऑटो स्विच. स्टार्टरला जोडायची एक छोटी डबी. तिला एकच गोष्ट कळते. जर वीज आली, तर मोटर चालू कर. ना ॲप, ना रेंज, ना पासवर्ड. शेतकरी घरात झोपलेला आणि मोटर आपोआप चालू. सॉलिड ना?

सॉलिडच. पण या डबीने तीन घोळ घातले, आणि ते समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला घोळ. एका डीपीवर, म्हणजे शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर, वीस-पंचवीस मोटरी. वीज आल्याबरोबर सगळ्यांच्या डब्या एकाच क्षणी जाग्या होणार. आता मोटर चालताना जेवढा करंट घेते, त्याच्या कितीतरी पट ती सुरू होण्याच्या क्षणी ओढते. सगळ्यांनी एकदम ओढला की व्होल्टेज कोसळतं, फ्यूज उडतात, कधी कधी डीपीच जळते. मग दुसरी डीपी येईपर्यंत सगळ्या शिवाराचं पीक पाण्यावाचून. म्हणून तर महावितरण पुन्हा पुन्हा सांगत असतं, की ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. यात गंमत अशी, की प्रत्येकाची डबी आपापल्या जागी बरोबरच होती. एकदम सगळ्या बरोबर होत्या, म्हणून घात झाला.

दुसरा घोळ उन्हाळ्यातला. विहिरीने तळ गाठलेला, पण डबीला पाण्यातलं काय कळतंय? तिला फक्त वीज कळते. मोटर कोरडी फिरत राहते आणि तापून जळते. सकाळी रिवाइंडिंगचा खर्च बोकांडी.

तिसरा घोळ जिवावरचा. वीज गेलीय म्हणून कुणी मोटरीला हात घातलाय, आणि नेमकी तेव्हाच वीज आली. समोर कोण आहे, ते डबी बघत नाही.

मग सुधारणा होत गेल्या. पाणी संपलं की मोटर बंद करणारं ड्राय रन संरक्षण आलं. तीनपैकी एक फेज गेला तर मोटर थांबवणारं प्रिव्हेंटर आलं. वीज आल्यावर लगेच नाही, थोडा वेळ थांबून मोटर सुरू करणारा टायमर आला. प्रत्येकाने आपला टायमर शेजाऱ्यापेक्षा वेगळा ठेवला तर डीपी वाचते. आणि मग आला मोबाइल. पुण्याचे इंजिनीअर संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचं यंत्र बनवलं, ते मोबाइलवरून पंप चालू-बंद करतं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. हातात स्मार्टफोन नसून साधा बटणांचा फोन होता, तेव्हाची ही गोष्ट! पण त्याची खरी करामत दुरून बटण दाबण्यात नव्हती. शेतात वीज आहे का, मोटर खरंच चालू झाली का, हे ते परत कळवायचं. नुसता हुकूम घेऊन गप्प बसणारा गडी वेगळा आणि काम झालं की नाही ते येऊन सांगणारा वेगळा.

आज अनेक कंपन्यांचे मोबाइल स्टार्टर बाजारात आहेत. आत सिमकार्ड असतं, कॉल करून किंवा ॲपमधून मोटर चालू होते. पण वरची यादी पुन्हा एकदा वाचा. ‘जर’ आणि ‘तर’ तर पहिल्या डबीतही होतेच. नंतरच्या सगळ्या सुधारणा म्हणजे एकेक ‘पण’ आहे. वीज आली तर मोटर चालू कर, पण विहिरीत पाणी असेल तरच. पण तिन्ही फेज असतील तरच. पण शेजाऱ्यानंतर थोडं थांबून. पण मला कळवून.

मॅक्रोड्रॉइडमधली ती हिरवी चौकट म्हणजे हा ‘पण’. लाल-निळीला दोन मिनिटं लागतात. विचार करायचा तो हिरवीचा.

चार मॅक्रो, चार पण

एक : ऑफिसात सायलेंट. जर ऑफिसचं वायफाय जोडलं गेलं, तर फोन गप्प. हा सगळ्यांचा पहिला मॅक्रो असतो. आता ‘पण’ लिहा. पण घरच्या दोन-तीन नंबरांची रिंग वाजलीच पाहिजे. आई-बाबा गावी, तुम्ही हिंजवडीत. त्यांचा दुपारी तीनला आलेला फोन हा गप्पांचा नसतो. फोनच्या ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये आवडत्या नंबरांना सूट देता येते. शिवाय एकाच माणसाने थोड्या वेळात पुन्हा फोन केला तर तो आत सोडायची सोय असते. अँड्रॉइडवर ही मुदत पंधरा मिनिटांची, आयफोनवर तीन मिनिटांची. ही दोन्ही बटणं सुरू केल्याशिवाय सायलेंटचा मॅक्रो करू नका. आणि घरच्यांना सांगून ठेवा, उचलला नाही तर लगेच दुसऱ्यांदा करा.

दोन : शिरूरचा पूल. पुण्यात नोकरी आणि नगरला घर, अशांची संख्या भरपूर. शनिवारी सकाळी निघायचं. वाघोलीचा ट्रॅफिक, शिक्रापूर, रांजणगाव, मग शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा. तिकडून आईचा ठरलेला प्रश्न, ‘शिरूर सोडलं का रे?’ कारण पुढचा हिशोब त्यावर असतो. शिरूर सोडलं म्हणजे आता पीठ मळायला घ्यायला हरकत नाही. हा मॅक्रो तर बनवायलाच हवा. जर फोन शिरूरच्या पुढे आला, तर आईला मेसेज. तुम्ही गाडी चालवत असाल तर फोनला हात लावायची गरजच नाही, हे उत्तम. ‘पण’ एवढाच, की शनिवारी दुपारच्या आतच. नाहीतर कंपनीच्या कामासाठी बुधवारी सुप्याच्या एमआयडीसीत गेलात, की इकडे तवा चढायचा आणि तुम्ही यायचे नाहीत.

आता रविवार रात्रीचा परतीचा प्रवास घ्या. तोच मॅक्रो उलटा करावासा वाटेल. जर फोन पुण्यातल्या फ्लॅटवर पोहोचला, तर ‘पोहोचलो’ असा मेसेज. इथे मात्र थांबा. शिरूरचा मेसेज चुकला तर भाकरी गार होईल, बास. रात्रीचा ‘पोहोचलो’ वाचून आई दिवा मालवून झोपते. तो मेसेज फोन पोहोचल्याचा नको, तुम्ही पोहोचल्याचा हवा. फोन मित्राच्या बॅगेत राहिला, मित्र पुढे गेला आणि तुमची गाडी रांजणगावला पंक्चर, असं होऊ शकतं. म्हणून इथे मॅक्रोला पाठवायला सांगू नका, विचारायला सांगा. फ्लॅटवर पोहोचलात की स्क्रीनवर पाटी येईल, ‘आईला कळवू?’ बटण तुम्ही दाबायचं. आयफोनच्या शॉर्टकट्समध्येही ऑटोमेशन लगेच चालवायचं की विचारून चालवायचं, हे निवडता येतं. ‘विचारून’ हा पर्याय अशाच कामांसाठी आहे.

तीन : पैशांचं ऑटो. हा मॅक्रो तुम्ही बनवलेला नसला तरी बहुधा तुमच्या फोनमध्ये आहे. एसआयपी, गाण्यांचं ॲप, सिनेमांचं ॲप, जिमची फी. २०२० च्या जुलैत यूपीआय ऑटोपे आलं आणि पैसे आपोआप जायची सोय यूपीआयवरही झाली. पण इथे हिरवी चौकट रिझर्व्ह बँकेनेच भरून ठेवली आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरच्या अशा व्यवहारांवर नवे नियम कडकपणे लागू झाले. त्या महिन्यात कित्येकांची सबस्क्रिप्शन्स अडकली आणि लोक बँकांवर जाम वैतागले. नियम काय होता? पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी कळवा, आणि ठरावीक रकमेच्या वर असेल तर ग्राहकाला पुन्हा विचारा. ती मर्यादा आधी ५ हजार होती, २०२२ मध्ये १५ हजार झाली आणि म्युच्युअल फंड, विमा, क्रेडिट कार्डाचं बिल यांसाठी पुढे एक लाखापर्यंत गेली. म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेलाही शेतातल्या डबीसारखाच ‘पण’ घालावा लागला.

त्यामुळे तो आदल्या दिवशीचा मेसेज वाचायचा असतो, स्वाइप करायचा नसतो. गावाकडच्या घराचं लाइट बिल तुमच्या खात्यातून जात असेल, तर ऑटोपेची कमाल रक्कम नेहमीच्या बिलाच्या आसपास ठेवा. मीटरचा आकडा चुकून बिल अवाच्या सवा आलं, तर पैसे अडकतील आणि तुम्हाला कळेल. पैसे अडकले म्हणजे पद्धत बिघडली असं नाही. ती तुम्हाला हाक मारतेय.

चार : वाढदिवस. जर तारीख आली, तर शुभेच्छा. अशी ॲप्स ढिगाने आहेत. पण तुम्हाला गेल्या वर्षभरात त्या घरात काय घडलं ते माहीत आहे, फोनला नाही. ज्या काकांना जाऊन दोन महिने झाले, त्यांच्या नंबरवर सकाळी सातला केक आणि फुगे गेले तर तो फोन आता त्यांच्या मुलीच्या हातात असतो. म्हणून तारीख लक्षात ठेवायचं काम फोनला द्या, शुभेच्छा देण्याचं नको. ‘आज अमक्याचा वाढदिवस, फोन कर’ एवढीच पाटी पुरे.

काही कामं बंदच करा

ऑटोमेशनची चटक लागली की माणूस सगळ्यालाच मॅक्रो लावत सुटतो. तेव्हा पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी आठवावं. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, तेव्हा तिच्या पहिल्या पथदर्शी प्रकल्पांत हे गाव होतं. कल्पना अशी, की शेतीच्या फीडरला सौर वीज द्यायची, म्हणजे शेतकऱ्याला दिवसाउजेडी पाणी भरता येईल. विचार करा, रात्री दोनला मोटर आपोआप कशी सुरू करायची हा प्रश्न होता. उत्तर निघालं, की रात्री दोनला मोटर सुरू करायची वेळच येऊ द्यायची नाही.

आपल्या फोनमध्येही अशी रात्री दोनची कामं असतात. सुप्रभातचे फोटो रोज आपोआप डिलीट करणारा मॅक्रो बनवता येतो. त्यापेक्षा व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन फोटो आपोआप डाऊनलोड होणंच बंद करा, काम तमाम. प्रमोशनच्या मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकण्यापेक्षा अनसबस्क्राइब करा. मॅक्रो बनवण्याआधी एकदा विचारायचं, हे काम मुळात हवंय कशाला?

हे मात्र कधीच नाही

आता थोडं सीरियस. फोनमध्ये आलेले एसएमएस आपोआप दुसऱ्या नंबरवर किंवा मेलवर पाठवणारा मॅक्रो कधीही बनवू नका. त्या एसएमएसबरोबर बँकेचा ओटीपीही जातो. ऑटोमेशनची ॲप्स ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ती दिली की ॲपला तुमचा स्क्रीन वाचता येतो आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. घराची किल्लीच म्हणा ना! त्यामुळे ॲप नावाजलेलं हवं आणि प्ले स्टोअरवरूनच घेतलेलं. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा ट्रॅफिकचं चलन म्हणून एखादी एपीके फाइल आली, तर ती उघडायचीच नाही. चोरांचं ऑटोमेशन नेमकं तिथूनच सुरू होतं. हे तुम्हाला माहीत असेलच, आई-बाबांनाही सांगा. आणि पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

नियमांनाही एक्सपायरी असते

शेवटचा मुद्दा छोटासा. फॉर्म भरताना पत्ता आपोआप यावा म्हणून आपण तो फोनमध्ये साठवतो. कित्येकांच्या फोनमध्ये जिल्हा अजून जुन्याच नावाने भरला जातो. कुरिअरचं त्याने काही बिघडत नाही. पण पासपोर्ट किंवा बँकेच्या फॉर्मवर पत्ता जोडलेल्या कागदाशी जुळायला लागतो. नाव बदललं, नोकरी बदलली, घर बदललं, मॅक्रो मात्र जुन्याच जगात चालत राहतो. पाऊस लागला की शेतकरी स्टार्टरचं ऑटो बंद करून ठेवतो, कारण तेव्हा पाणी वरून पडत असतं. तुम्हीही वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, सगळे मॅक्रो उघडून बघा. कशासाठी केला होता ते आठवत नसेल तो उडवा.

या आठवड्यासाठी होमवर्क सोपा आहे. एकच मॅक्रो बनवा. आधी कागदावर ‘पण’ लिहा आणि मगच लाल चौकटीला हात लावा. मोबाइल स्टार्टर बसवलेला शेतकरी आता रात्री घरातून मोटर चालू करतो आणि पुन्हा झोपतो, त्याची झोप वाचली हे झकासच. तरी सकाळी उठून तो बांधावर जातोच. मोटर चालली हे फोन सांगतो. पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोहोचलं का, ते अजून त्यालाच बघावं लागतं.